जालियनवाला बागेचें स्मरण आणि ख्रिस्ती क्षमा

एप्रिल महिन्याची १३ तारीख दरसाल येते आणि जाते. त्या सुमारास आमच्या खेड्यांतून रब्बीचीं खळीं उरकत आलेलीं असतात, आणि दुसऱ्या दिवशीं येणाऱ्या डॉ. आंबेडकर यांच्या जयंतीची तयारी चाललेली असते. ह्या गडबडींत १३ तारीख कशाची, हें आमच्या पुष्कळ मंडळ्यांत कोणी सांगत नाहीं व कोणी विचारीतहि नाहीं. सन १९१९ मध्यें ह्याच दिवशीं पंजाबांतील अमृतसर शहरीं जालियनवाला बागेंत आमच्या देशाचीं शेंकडों निःशस्त्र माणसें गोळ्या घालून मारण्यांत आलीं. हें दुःख सर्व राष्ट्राचें आहे, आणि म्हणून तें आमचेंहि आहे.

परंतु ह्या दिवसाचें स्मरण करावयाचें म्हटलें कीं ख्रिस्ती माणसाच्या मनांत दोन शंका उभ्या राहतात. कोणी म्हणतो, “प्रभूनें आपणांस शत्रूंवर प्रीति करावयास व अपराध्यांस क्षमा करावयास शिकविलें आहे. मग शंभर वर्षांपलीकडचा अपराध दरसाल उकरून काढणें हें क्षमेच्या विरुद्ध नाहीं काय?” दुसरा हळूच म्हणतो, “त्या वेळचे राज्यकर्ते स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते. आपण ही गोष्ट काढली, तर शेजारीपाजारी आपल्याच धर्माला बोल लावतील. तेव्हां गप्प बसावें हें बरें.” ह्या दोन्ही शंका प्रामाणिक आहेत, आणि उपदेशकाला त्यांचें उत्तर देतां आलें पाहिजे. म्हणून त्यांचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आधीं काय घडलें तें नीट ध्यानांत घेऊं. सन १९१९ च्या आरंभीं इंग्रज सरकारनें रौलट कायदा केला. त्यानें माणसास रीतसर चौकशीवांचून अटकेंत ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला, आणि देशभर असंतोष पसरला. १० एप्रिल रोजीं अमृतसरचे दोन पुढारी, डॉ. सत्यपाल व डॉ. सैफुद्दीन किचलू, ह्यांस सरकारनें पकडून शहराबाहेर नेलें. त्यांच्या सुटकेची मागणी करण्यास निघालेल्या जमावावर गोळीबार झाला. त्यांत माणसें पडलीं. मग जमाव खवळला, त्यानें पेढ्या जाळल्या व पांच युरोपियनांस ठार मारिलें. पुढें शहराची सत्ता जनरल डायर ह्याच्या हातीं गेली. १३ तारखेस त्यानें सभाबंदीची दवंडी पिटविली, परंतु ती शहराच्या कांहीं भागांतच फिरली. तो दिवस बैसाखीचा. सणासाठीं व गुरांच्या जत्रेसाठीं आसपासच्या खेड्यांतून पुष्कळ लोक आले होते, आणि त्यांतील कित्येकांस बंदीची वार्ताहि नव्हती.

बाग म्हणजे फुलाफळांची बाग नव्हे. चहूंकडून घरांच्या भिंतींनीं कोंडलेलें तें एक मोकळें मैदान होतें. आंत जाण्याची मुख्य वाट एक अरुंद बोळ होती. संध्याकाळीं पांचाच्या सुमारास डायर त्या बोळांतून शिपाई घेऊन आला, त्यांच्यापैकीं ५० जणांच्या हातीं बंदुका होत्या, आणि कसलीहि ताकीद न देतां त्यानें गोळीबाराचा हुकूम दिला. सुमारें १० मिनिटें गोळ्या चालू होत्या. एकंदर १,६५० गोळ्या सुटल्या. जेथें लोकांची गर्दी दाट, तेथें नेम धरण्यांत आला. कित्येकांनीं जीव वांचविण्यासाठीं तेथील विहिरींत उड्या टाकल्या व तेथेंच ते मेले. सरकारी गणतीप्रमाणें मेलेल्यांची संख्या ३७९. काँग्रेसच्या अंदाजाप्रमाणें ती सुमारें १,००० होती. रात्रीं आठानंतर घराबाहेर पडण्यास बंदी असल्यामुळें जखमी माणसें पाण्यावांचून रात्रभर तेथेंच तळमळत पडलीं. रतनदेवी नांवाची एक बाई आपल्या नवऱ्याच्या प्रेताजवळ एकटी रात्रभर बसून राहिली, आणि पुढें तिनें आपली साक्ष सांगितली. जखमींची व्यवस्था कां केली नाहीं, असें डायरला हंटर कमिटीपुढें विचारलें असतां, तें माझें काम नव्हतें, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें.

आतां पहिली शंका घेऊं. क्षमा करणें म्हणजे विसरणें काय? आमच्या मतें तसें नाहीं, आणि पवित्र शास्त्रहि तसें शिकवीत नाहीं. योसेफानें आपल्या भावांस क्षमा केली, ही गोष्ट आमच्या शाळांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. परंतु क्षमा करतांना त्यानें काय म्हटलें तें पाहावें. तुम्हीं मला विकलें, हें त्यानें त्यांच्या तोंडावर सांगितलें, आणि मग त्यांस जवळ घेऊन तो रडला. झालेली गोष्ट झालीच नाहीं असें जर तो म्हणाला असता, तर भावांचा अपराध तसाच झांकून राहिला असता आणि त्यांच्या मनांतील भीतीहि गेली नसती. सावकारानें वही हरवली म्हणून कर्ज वसूल केलें नाहीं, तर ती त्याची उदारता होत नाहीं. वहींतील आंकडा वाचून मग जो त्यावर रेघ ओढतो, तोच कर्ज सोडतो. त्याप्रमाणें जो अपराध आठवत नाहीं, त्याची क्षमाहि कोणास करतां येत नाहीं.

ह्याहून मोठा दाखला आमच्या प्रभूचाच आहे. सन १९१९ मधील १३ एप्रिल हा रविवार होता, आणि मंडळीच्या पंचांगाप्रमाणें तो झावळ्यांचा रविवार होता. त्यापुढच्या रविवारीं पुनरुत्थानाचा सण आला. पुनरुत्थित प्रभु शिष्यांस भेटला तेव्हां त्याचें शरीर गौरवी झालें होतें, तरी हातांवरील खिळ्यांचे वण व कुशीवरील भाल्याची खूण त्यानें ठेविली होती, आणि ती त्यानें शिष्यांस दाखविली. ज्यानें वधस्तंभावरून आपल्या मारेकऱ्यांसाठीं क्षमा मागितली, त्यानेंच आपले वण पुसून टाकिले नाहींत. अमृतसरच्या बागेंतील भिंतींवर गोळ्यांच्या खुणा आजहि जपून ठेवलेल्या आहेत. सन १९२० मध्यें लोकांनीं वर्गणी जमवून ती जागा स्मारकासाठीं विकत घेतली, आणि १३ एप्रिल १९६१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांनीं तेथील स्मारकाचें उद्घाटन केलें. त्या खुणा जपण्यांत क्षमेला बाध येणारें असें कांहींएक आम्हांस दिसत नाहीं.

आणखी एक विचार येथें मनांत येतो. क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? ज्याला मार बसला त्याचा. आम्ही त्या बागेंत नव्हतों. आमच्या अंगाला गोळी लागली नाहीं. तेव्हां रतनदेवीच्या वतीनें किंवा त्या विहिरींत बुडालेल्यांच्या वतीनें “जाऊं द्या, झालें तें झालें” असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? दुसऱ्याच्या दुःखाची क्षमा आपण उदारपणें वांटून टाकावी, ही क्षमा स्वस्त आहे. आमच्या हातीं आहे तें एवढेंच कीं आमच्या स्वतःच्या अंतःकरणांत कोणत्याहि जातीविषयीं वा राष्ट्राविषयीं द्वेष राहूं देऊं नये, आणि मेलेल्यांविषयीं सत्य बोलावें. मेलेल्यांस तोंड नसतें. त्यांच्या वतीनें सत्य बोलणें हें जिवंतांवरचें ऋण आहे.

आतां दुसरी शंका. ही गोष्ट आमच्या धर्माला लाजिरवाणी आहे, म्हणून गप्प बसावें काय? ह्या कथेंत मिशनचा संबंध आहेच, आणि तो लपविण्यापेक्षां सांगणें बरें. १० एप्रिलच्या दंग्यांत मिस मार्सेला शेरवुड नांवाची एक मिशनरी बाई, जी मुलींच्या शाळांचें काम करीत असे, सायकलीवरून जात असतां तिला कांहीं लोकांनीं एका गल्लींत गांठून बेदम मारलें व मेली असें समजून टाकून दिलें. हा मोठा अन्याय होता. परंतु तेथल्याच हिंदु रहिवाश्यांनीं तिला उचललें, घरांत घेतलें, आणि तिचा जीव वांचविला. ह्यानंतर कांहीं दिवसांनीं, म्हणजे १९ एप्रिलला, डायरनें हुकूम काढिला कीं त्या गल्लींतून जो कोणी हिंदी मनुष्य जाईल त्यानें रांगत जावें. लोकांस पोटावर सरपटत जावें लागलें. तेथेंच फटके मारण्याची टिकटी उभी करण्यांत आली. पुढचा दिवस पुनरुत्थानाचा होता, आणि त्या दिवशींहि तो हुकूम चालूच होता.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. जखमी बाईला ज्यांनीं शोमरोन्याप्रमाणें उचललें, त्यांच्याच दाराशीं ही शिक्षा आली. त्यांना आपल्या घरीं जावयाचें तरी रांगत जावें लागे. ज्या प्रभूच्या सेवेसाठीं ती बाई ह्या देशांत आली होती, त्या प्रभूचें नांव घेणाऱ्या राज्याकडून तिच्या नांवानें हें करण्यांत आलें. पुढें हंटर कमिटीनें ह्या हुकुमाला दोष दिला, आणि डायरला नोकरी सोडावी लागली. तरी विलायतेंत त्याच्यासाठीं ‘मॉर्निंग पोस्ट’ ह्या वर्तमानपत्रानें निधि उभारला व त्यांत सुमारें २६,००० पौंड जमले. उमरावांच्या सभेनेंहि सन १९२० मध्यें १२९ विरुद्ध ८६ मतांनीं त्याची बाजू घेतली. हें सर्व आम्हीं खुल्या मनानें कबूल केलें पाहिजे. ख्रिस्ताचें नांव सांगणारा मनुष्य ख्रिस्ताच्या विरुद्ध वागूं शकतो, ही गोष्ट यहूदापासून आजपर्यंत मंडळीस ठाऊक आहे. ती लपविल्यानें प्रभूची अब्रू राखली जात नाहीं. त्याच्या अब्रूला आमच्या खोटेपणाच्या आधाराची गरज नाहीं.

खरें बोलणारे ख्रिस्ती जन त्या वेळींहि होते, हेंहि सांगितलें पाहिजे. दीनबंधु सी. एफ्. अँड्र्यूज हे इंग्रज असून पंजाबांत गेले. प्रथम सरकारनें त्यांस अमृतसराहून परत पाठविलें, तरी पुढें ते पुन्हां गेले, लोकांच्या साक्षी गोळा करण्याच्या कामांत त्यांनीं हातभार लावला, आणि आपल्या देशबांधवांच्या कृत्याबद्दल लाज वाटते असें उघड म्हटलें. आमच्या मुंबईचे मुकुंदराव जयकर हे काँग्रेसच्या चौकशी कमिटीचे सभासद होते, आणि मुंबईचेच सर चिमणलाल सेटलवाड हे सरकारी हंटर कमिटींत होते. त्यांनीं डायरला खोदखोदून प्रश्न विचारले म्हणून पुष्कळ सत्य त्याच्याच तोंडून बाहेर पडलें. शंभर वर्षांनंतर, सप्टेंबर २०१९ मध्यें, कँटरबरीचे तत्कालीन मुख्य धर्माध्यक्ष जस्टिन वेल्बी हे त्या बागेंत आले, स्मारकापुढें जमिनीवर पालथे पडले, आणि झालेल्या पापाबद्दल लाज व दुःख वाटतें असें त्यांनीं म्हटलें. आपण सरकारच्या वतीनें बोलूं शकत नाहीं, हेंहि त्यांनीं स्पष्ट केलें. ज्या शहरांत एके काळीं हिंदी माणसाला बळेंच पोटावर पाडलें होतें, तेथें एक इंग्रज धर्मगुरु आपण होऊन पालथा पडला. त्यानें मेलेले परत आले नाहींत. पण सत्य सांगणें आणि क्षमा मागणें हीं दोन्हीं एकत्र कशीं राहतात, तें त्यांत दिसलें.

येथवर दुसऱ्यांच्या अपराधाचें बोलणें झालें. परंतु आमच्या प्रभूनें अशा प्रसंगीं काय शिकविलें तें लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत आहे. सुभेदार पिलातानें कांहीं गालीली लोकांस ते यज्ञ करीत असतांच कापून काढलें, अशी वार्ता लोकांनीं येशूला सांगितली. सणाच्या दिवशीं, अधिकाऱ्याच्या हुकुमानें, निःशस्त्रांचा वध! ही वार्ता अमृतसरच्या वार्तेसारखीच होती. तीं माणसें इतरांहून अधिक पापी होतीं म्हणून मेलीं, हा समज प्रभूनें साफ नाकारला. सन १९१९ मध्येंहि कोणी कोणी म्हणालेच कीं लोकांनीं बंदी मोडली, म्हणून त्यांस तें भोगावें लागलें. प्रभूच्या शिकवणींत मेलेल्यांवर दोष ढकलण्यास जागा नाहीं. मग त्यानें ऐकणाऱ्यांकडे तोंड केलें आणि त्यांस पश्चात्ताप करण्यास सांगितलें. वार्ता सांगणाऱ्यांस हें नवल वाटलें असेल. पिलाताचा अन्याय उघड असतां आम्हीं कां पश्चात्ताप करावा?

ह्याचें उत्तर पुढील इतिहासानें दिलें आहे. सन १९१९ च्या ९ एप्रिलला, रामनवमीच्या मिरवणुकींत, अमृतसरचे हिंदु व मुसलमान एकत्र चालले व एकाच भांड्यांतून पाणी प्याले. चार दिवसांनीं बागेंत हिंदु, मुसलमान व शीख ह्यांचें रक्त एकाच मातींत मिसळलें. अशा रीतीनें जोडलेलीं माणसें पुन्हां कधीं तुटणार नाहींत, असें कोणासहि वाटलें असतें. पण २८ वर्षांनीं, सन १९४७ मध्यें, त्याच अमृतसरांत व सर्व पंजाबांत शेजाऱ्यानें शेजाऱ्यास मारिलें, घरें जाळलीं, बायकापोरांसहि सोडिलें नाहीं. त्या वेळीं हुकूम देणारा कोणी डायर नव्हता. बाग तेथेंच होती, भिंतींवरच्या खुणाहि होत्या. पण त्यांनीं कोणाचा हात धरला नाहीं. दुसऱ्यानें आमच्यावर काय केलें, एवढेंच जी आठवण सांगते, ती आम्हांस आमच्याच हातून घडणाऱ्या पापापासून राखीत नाहीं.

सूडाची वाटहि आम्हांस राखीत नाहीं. ज्या मायकेल ओडवायरच्या सुभेदारींत हें हत्याकांड झालें, त्याला २१ वर्षांनीं, १३ मार्च १९४० रोजीं, लंडनमध्यें उधमसिंगानें गोळी घातली, आणि त्याबद्दल उधमसिंग ३१ जुलै १९४० रोजीं फांशीं गेला. देश त्याचें नांव आदरानें घेतो, आणि त्याच्या काळजांत एवढीं वर्षें काय जळत राहिलें असेल, तें आम्ही जाणतों. तरी प्रभूच्या शिष्यास ह्या वाटेनें जा असें आम्हांस सांगवत नाहीं. न्याय मागावा, साक्ष द्यावी, सत्य लिहून ठेवावें. सूड मात्र देवाच्या हातीं सोंपवावा.

तर मग ह्या दिवसानें आम्हांपाशीं काय मागावें? आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस रांगण्याच्या गल्लीचा अर्थ पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. आमच्यांतील पुष्कळांच्या आजेपणजांस गांवच्या वाटेनें ताठ मानेनें चालण्याची मुभा नव्हती. दुरून जोहार करावा, सांवली पडूं देऊं नये, पाणवठ्याला हात लावूं नये, अशी त्यांची स्थिति होती. माणसास जमिनीवर वांकविण्यासाठीं परदेशी सेनापतीच लागतो असें नाहीं. बागेंत गोळ्या झाडणारे शिपाईहि गोरे नव्हते. गुरखे, बलुची वगैरे ह्याच बाजूचे लोक हुकुमाचे ताबेदार म्हणून तेथें उभे होते. आणि ज्यांना एके काळीं वांकावें लागलें, त्यांच्याच मुलांनातवंडांस आज थोडी सत्ता, थोडी जमीन, थोडें शिक्षण मिळतांच ते दुसऱ्यास वांकवीत नाहींत काय? मंडळींत एका जातींतून आलेले दुसऱ्या जातींतून आलेल्यांबरोबर प्रभुभोजनास बसतात, पण घरच्या पंक्तीस बसत नाहींत, असें कोठें आहे काय? घरांत सून किंवा विधवा भावजय हिला रोज मान खालीं घालूनच वावरावें लागतें काय? हे प्रश्न त्या दिवशीं ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावे. डायरला दोष देणें सोपें आहे, कारण तो मेला व त्यास १०० वर्षें होत आलीं. आमच्या दारापुढील गल्ली आजची आहे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. १३ एप्रिलच्या जवळच्या रविवारीं आमच्या उपदेशक बंधूंनीं उपासनेंत ही हकीकत साध्या शब्दांत, वाढवून नव्हे व घटवूनहि नव्हे, मंडळीस सांगावी. लूकाच्या १३ व्या अध्यायाचा आरंभ वाचावा. मेलेल्यांसाठीं मंडळीनें उभें राहून थोडा वेळ स्तब्ध राहावें. त्या जखमी बाईला घरांत घेणाऱ्या शेजाऱ्यांची गोष्ट मुलांस अवश्य सांगावी, म्हणजे द्वेषाच्या दिवसांतहि देवानें आपली साक्ष दुसऱ्या धर्माच्या माणसांच्या हातून राखली, हें त्यांस कळेल. गांवांतील इतर लोक त्या दिवशीं सभा भरवीत असतील, तर आमच्या लोकांनीं तेथें जाऊन त्यांच्याबरोबर बसावें; दुःखाच्या वेळीं वेगळें राहणें हें शेजारधर्माला शोभत नाहीं. आणि सभेहून घरीं परततांना, ज्याच्याशीं आपलें बोलणें तुटलें आहे किंवा ज्याला आपण कमी लेखलें आहे, अशा एकाच्या तरी दारीं जावें.

ज्याला एका पांखराचाहि विसर पडत नाहीं, त्या देवाला बागेंतील त्या प्रत्येकाचें नांव ठाऊक आहे, मग सरकारची गणती ३७९ म्हणो वा आणखी कोणाची १,००० म्हणो. त्याच्यापुढें आम्ही आमच्या देशाचें हें दुःख ठेवितों, आणि आमची आठवण सत्याची असावी व आमचे हात शेजाऱ्याच्या रक्तापासून निर्मळ राहावे, एवढें मागतों. तो आमच्या सर्व मंडळ्यांस ही कृपा देवो.